नाव ठेवलं, की नावं ठेवली?

बऱ्हाणपूरच्या गांधी चौकात जामा मशिदीसमोर उभं राहिलं की आधी नजरेत भरते ती कमानींची रांग. एका ओळीत पंधरा कमानी आणि दोन्ही बाजूंना दोन उंच मिनार. दोन्ही अंगांनी चढत आलेली प्रत्येक कमान माथ्यावर टोकदार होऊन मिटते, नमस्काराला जोडलेल्या हातांसारखी. याच गावाच्या स्टेशनावरून मुंबईची गाडी धरली, तर सुमारे ५०० किलोमीटरनंतर आपण छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरतो. बाहेर येऊन मागे वळून पाहिलं, तर तिथेही टोकदार कमानीच कमानी.

बऱ्हाणपूरच्या कमानींना आपण तिथल्या फारुकी सुलतानांवरून फारुकी म्हणतो, मुंबईच्या कमानींना गॉथिक. हा दुसरा शब्द मराठीत आता रुळला आहे. मुंबईवरच्या लेखांत तो येतो, भयकथांच्या चर्चेत येतो, संगणकातल्या अक्षरांच्या यादीत येतो, काळे कपडे घालणाऱ्या तरुणांबद्दलही येतो. वास्तू, भीती, अक्षर आणि पोशाख एका शब्दात कसे मावतात?

मराठीत 'नाव ठेवणं' म्हणजे बारसं करणं आणि 'नावं ठेवणं' म्हणजे दोष काढणं. दोन्हींत फरक फक्त एका अनुस्वाराचा. 'गॉथिक' या शब्दाचा इतिहास या दोन क्रियांमधल्या अरुंद जागेत घडला. नावं ठेवता ठेवता कुणीतरी नाव ठेवलं, आणि तेच पुढे मानाचं झालं.

गॉथ कोण होते?

गॉथ हे जर्मानिक भाषा बोलणारे लोक. इसवी सनाच्या ३ऱ्या-४थ्या शतकात ते काळ्या समुद्राच्या उत्तरेला आणि डॅन्यूब नदीच्या आसपास राहत होते. पूर्वेकडून हूणांचा रेटा आला तसे ते रोमन साम्राज्यात शिरले. इसवी सन ४१० मध्ये अलारिक या राजाच्या नेतृत्वाखाली पश्चिमी गॉथांनी रोम शहर लुटलं. जगाची राजधानी समजलं जाणारं शहर पडलं आणि 'गॉथ' म्हणजे विध्वंसक, हे समीकरण युरोपच्या मनात पक्कं बसलं.

पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. पूर्वेकडच्या गॉथांचा राजा थिओडोरिक याने ४९३ ते ५२६ या काळात राव्हेना शहरातून इटलीवर राज्य केलं. त्याने रोमन कायदे आणि रोमन अधिकारी कायम ठेवले, जुन्या इमारतींची डागडुजी करवली. पश्चिमी गॉथांचं स्पेनमधलं राज्य ७११ पर्यंत टिकलं. लुटारू म्हणून लक्षात राहिलेल्या या लोकांनी पिढ्यानपिढ्या राज्यं चालवली होती.

त्यांची स्वतःची लिपीही होती. ४थ्या शतकात उल्फिला नावाच्या बिशपने गॉथिक भाषेसाठी लिपी तयार केली आणि तिच्यात बायबलचं भाषांतर केलं. असं सांगतात, की बायबलमधला राजांच्या लढायांचा भाग त्याने मुद्दाम वगळला, कारण आपल्या लोकांना लढाईची ओढ आधीच फार आहे, असं त्याला वाटत होतं. या भाषांतराची सर्वात प्रसिद्ध प्रत जांभळ्या रंगात रंगवलेल्या चर्मपत्रावर चांदीच्या आणि सोन्याच्या शाईने लिहिलेली आहे. मूळ ३३६ पानांपैकी १८८ पानं उरली आहेत आणि त्यांतली जवळपास सगळी आज स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात जपली जातात.

आठ, नऊ, दहा

या पानांतली भाषा मराठी वाचकाला वाटते तितकी परकी नाही. गॉथिकमध्ये सातला 'सिबुन', आठला 'अहतौ', नऊला 'निउन' आणि दहाला 'तेहुन' म्हणत. नाव म्हणजे 'नामो'. भाऊ म्हणजे 'ब्रोथर', संस्कृतात 'भ्रातृ'. मुलगी म्हणजे 'दोहतर', संस्कृतात 'दुहितृ'. नवरा गेलेली स्त्री 'विदुवो', आपल्याकडे 'विधवा'.

हे शब्द कुणी कुणाकडून उसने घेतलेले नाहीत. एकाच आजीच्या नातवंडांचे चेहरे जुळावेत, तसं हे साम्य आहे. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कोलकात्यात एशियाटिक सोसायटीपुढे भाषण करताना विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असा विचार मांडला. त्याच भाषणात त्यांनी गॉथिकचंही नाव घेतलं आणि तीही याच कुळातली असावी, असं सुचवलं. तुलनात्मक भाषाशास्त्राला तिथून मोठी चालना मिळाली. म्हणजे 'गॉथिक' हा शब्द भारतात चर्चेला आला तेव्हा मुंबईत त्या नावाची एकही मोठी इमारत उभी नव्हती. तो आला संस्कृतची एक दूरची नातलग म्हणून.

ही भाषा एकदम नाहीशी झाली नाही. क्रिमियात तिची एक बोली १६व्या शतकापर्यंत टिकून होती. ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग सम्राटाचा इस्तंबूलमधला वकील बुसबेक याने ती बोलणाऱ्यांकडून काही डझन शब्द टिपून घेतले. ते १५८९ मध्ये पॅरिसला छापले गेले. त्याच सुमारास बऱ्हाणपुरात राजा अली खान फारुकी जामा मशीद पूर्ण करवून घेत होता.

जुन्नरचे 'गत'

गॉथ आणि महाराष्ट्र यांना जोडणारा एक धागा जुन्नरच्या लेण्यांतही सापडतो. तो नाजूक आहे, जपून हाताळावा असा. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली शेकडो लेणी आहेत आणि त्यांतल्या ब्राह्मी लेखांमध्ये दान देणाऱ्यांची नावं आहेत. काही दाते स्वतःला 'यवन' म्हणवतात. त्यांतल्या इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी दिल्या, तर चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. या दोघांच्या नावांशेजारी 'गतान' असा शब्द कोरलेला आहे, म्हणजे 'गतांपैकी'.

हे 'गत' कोण? नॉर्वेचे संस्कृत पंडित स्टेन कोनो यांनी १९१२ मध्ये असा तर्क मांडला, की हे गॉथ असावेत. समुद्रमार्गाने रोमन व्यापारात सामील झालेले काही गॉथ कोकणातल्या बंदरांवर उतरून नाणेघाटाने जुन्नरला पोचले असतील, अशी ही कल्पना. सगळ्या अभ्यासकांना ती मान्य नाही. एवढ्या लहानशा शब्दावर एवढा मोठा प्रवास उभा करणं धाडसाचंच आहे.

तरीही मला हे दोन लेख फार मोलाचे वाटतात. ते दाते खरोखर गॉथ असोत वा नसोत, परमुलखातून आलेल्या माणसांनी सह्याद्रीत काय मागे ठेवलं, तर तहानलेल्यासाठी पाणी आणि भुकेल्यासाठी जेवायची जागा. आणि शेजारी आपलं नाव लिहिलं ते स्वतःच्या इच्छेने, स्वतः सांगितलं तसं.

दूषण झालेलं नाव

आता वास्तूंकडे येऊ. ज्यांना आपण गॉथिक कॅथेड्रल म्हणतो, त्यांच्याशी गॉथांचा काडीचा संबंध नाही. ही शैली पॅरिसजवळच्या सेंट डेनिस मठात जन्मली. मठाधिपती सुजेर याने तिथल्या चर्चचा पूर्वेकडचा भाग नव्याने बांधला आणि ११४४ मध्ये त्याचं लोकार्पण झालं. स्पेनमधलं गॉथांचं राज्य तेव्हा बुडून ४०० वर्षं उलटली होती. त्या काळातल्या लोकांनी या शैलीला गॉथिक म्हटलं नाही. १३व्या शतकातल्या एका जर्मन नोंदीत तिला 'फ्रेंच काम' म्हटलं आहे.

'गॉथ' हे नाव चिकटलं ते इटलीतल्या प्रबोधनकाळात. त्या वेळच्या कलावंतांना प्राचीन रोमच्या गोल कमानी आणि प्रमाणबद्ध खांब आदर्श वाटत. मधल्या शतकांतल्या टोकदार, उंच, नक्षीने भरलेल्या इमारती त्यांना बेढब वाटत. चित्रकार आणि लेखक जॉर्जो वासारी याने १५५० मध्ये कलावंतांची चरित्रं प्रसिद्ध केली. त्यात त्याने या शैलीचं खापर गॉथांवर फोडलं. रोमचा नाश करणाऱ्यांनीच हे ओंगळ बांधकाम आणलं, असा त्याचा सूर होता. इतिहास म्हणून हे साफ चूक होतं. पण शिवी म्हणून ते चपखल बसलं आणि टिकलं. पुढची २०० वर्षं युरोपात 'गॉथिक' म्हणजे रानटी, गबाळं, जुनाट.

कमान नेमकी कुणाची?

गॉथिक वास्तूचा जीव टोकदार कमानीत आहे, आणि यामागचं गणित समजायला सोपं आहे. अर्धगोल कमानीची उंची तिच्या रुंदीवरून ठरते. दहा हात रुंद कमान पाच हातच उंच होणार. टोकदार कमानीला हे बंधन नाही. रुंदी तीच ठेवून ती हवी तितकी उंच नेता येते. शिवाय वरचं ओझं ती बाजूंना कमी ढकलते आणि खाली जास्त उतरवते. म्हणून भिंती जाड ठेवायची गरज कमी होते.

फ्रान्सच्या गवंड्यांनी या कमानीला आणखी दोन युक्त्यांची जोड दिली. छताला दगडी फासळ्या दिल्या, म्हणजे भार ठराविक खांबांवर येईल. आणि बाहेरून अर्ध्या कमानीसारखे टेकू लावले, म्हणजे भिंत बाहेर कलणार नाही. भिंतीवरचं ओझं असं काढून घेतल्यावर तिथे उंचच उंच रंगीत काचा बसवता आल्या. आत रंगीत प्रकाश उतरवायचा, यासाठी हा सगळा खटाटोप होता. आज 'गॉथिक' म्हटलं की अंधार आठवतो, आणि ही शैली जन्मली होती उजेडासाठी.

पण टोकदार कमान फ्रेंच गवंड्यांची मूळ कल्पना नव्हे. कैरोतली इब्न तुलून मशीद ८७९ मध्ये पूर्ण झाली. तिच्या आवाराभोवतीच्या कमानी टोकदार आहेत, म्हणजे सेंट डेनिसच्या अडीचशेहून अधिक वर्षं आधीच्या. इस्लामी जगात रुळलेली ही कमान सिसिली आणि स्पेनच्या वाटेने, व्यापारी आणि यात्रेकरूंबरोबर युरोपात पोचली, असं अनेक अभ्यासक मानतात. लंडनचं सेंट पॉल कॅथेड्रल बांधणारे वास्तुकार ख्रिस्तोफर रेन यांना १८व्या शतकाच्या सुरुवातीलाच हे जाणवलं होतं. आपण जिला गॉथिक म्हणतो तिला खरं तर सारसेन शैली म्हणायला हवं, असं त्यांनी लिहून ठेवलं.

गंमत पाहा, 'सारसेन' हेही युरोपने अरबांना आणि मुसलमानांना दिलेलं नाव. स्वतःला कुणी सारसेन म्हणवत नव्हतं. एक चुकीचं नाव दुरुस्त करायला दुसरं परकं नाव पुढे आलं.

बऱ्हाणपूरच्या पंधरा कमानी याच मोठ्या घराण्यातल्या. पश्चिम आशियातून इराण, दिल्ली, गुजरात, माळवा असा प्रवास करत ही कमान खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या राजधानीत आली. तिची एक बहीण पश्चिमेला जाऊन कॅथेड्रलमध्ये शिरली, दुसरी पूर्वेला येऊन तापीकाठी स्थिरावली. मग १९व्या शतकात पश्चिमेची बहीण जहाजात बसून मुंबईला आली, आणि आपण तिला पाहुणी समजलो.

कापूस, रेल्वे आणि मुंबई

तोपर्यंत शिवीचा अलंकार झाला होता. इंग्लंडमध्ये १८व्या शतकाच्या उत्तरार्धापासून मध्ययुगाबद्दल ओढ वाढू लागली. १८३४ मध्ये लंडनचं संसदभवन जळालं, तेव्हा नवं भवन गॉथिक शैलीत बांधायचं ठरलं. पुढे कलासमीक्षक जॉन रस्किन यांनी गॉथिक कारागिराच्या हाताला असलेल्या मोकळिकीचा गौरव केला. प्रत्येक खांबाचा माथा वेगळा, प्रत्येक पान वेगळं, कारण कोरणाऱ्या माणसाला स्वतःचं मन वापरायची मुभा होती, हा त्यांचा मुद्दा होता.

मुंबईत याच सुमारास पैसा आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि भारतातल्या कापसाचे भाव कडाडले. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात किल्ल्याची तटबंदी पाडली गेली आणि मोकळ्या जागेत सार्वजनिक इमारती उठू लागल्या. मुंबई विद्यापीठाच्या इमारतींचे आराखडे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी भारतात पाऊल न ठेवता इंग्लंडमधून पाठवले. राजाबाई टॉवरसाठी कापसाचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने देणगी दिली. १८७८ मध्ये तो पूर्ण झाला. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी रचलेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसचं, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचं, काम त्याच वर्षी सुरू झालं आणि सुमारे दहा वर्षं चाललं. मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी तिथे मोर, माकडं आणि इथली झाडंपानं कोरली. रस्किनना अभिप्रेत असलेली हाताची मोकळीक या इमारतीत इथल्या मुलांच्या छिन्नीतून दिसते.

ज्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचं हे मुख्यालय, तिचा मार्ग भुसावळ, बऱ्हाणपूर, खंडवा असा जात १८७० मध्ये जबलपूरला पोचला आणि मुंबई-कोलकाता रेल्वेने जोडली गेली. खानदेश, वऱ्हाड, निमाडचा कापूस याच रुळांवरून मुंबईच्या बंदराकडे धावला. म्हणून मुंबईच्या गॉथिक इमारतींच्या पायात काळ्या मातीतल्या शेतकऱ्याचाही घाम आहे, असं मी मानतो. हे स्थानक २००४ मध्ये जागतिक वारसा ठरलं. २०१८ मध्ये 'व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको' अशा नावाने मुंबईतल्या ९४ इमारतींचा समूहही त्या यादीत गेला. वासारीने हिणवून ठेवलेलं नाव आता सन्मानपत्रावर आहे.

पडके वाडे आणि न मिटणारी पापं

भीतीचा अर्थ या शब्दाला साहित्यातून मिळाला. १७६४ मध्ये होरेस वॉल्पोल या इंग्रज लेखकाची 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' ही कादंबरी निघाली. दुसऱ्या आवृत्तीत तिला 'गॉथिक कथा' म्हटलं होतं. तेव्हा त्याचा अर्थ एवढाच, की ही मध्ययुगातली गोष्ट आहे. पण गोष्टीत जुना किल्ला, भुयारं, शाप आणि पूर्वजांचं पाप होतं. वाचकांनी तेवढंच उचललं. पुढे मेरी शेलींची 'फ्रँकेन्स्टाईन' १८१८ मध्ये आणि ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' १८९७ मध्ये आली, आणि 'गॉथिक' म्हणजे भय हे नातं घट्ट झालं.

हिंदी सिनेमात याचा ठळक नमुना म्हणजे कमाल अमरोहींचा १९४९ चा 'महल'. ओसाड हवेली, मेलेल्या प्रेमिकांची कथा, अंधारातून येणारा लता मंगेशकरांचा आवाज. त्यातला नायक अशोक कुमार बऱ्हाणपूरशेजारच्या खंडव्याच्या गांगुली कुटुंबातला. मराठीत नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी हा प्रांत समृद्ध केला. २०१८ च्या 'तुंबाड' या हिंदी चित्रपटात राही अनिल बर्वे यांनी कोकणातला पाऊस, पडका वाडा आणि पिढीजात हाव यांची सांगड घातली.

आणि बऱ्हाणपूरला अशा कथा उसन्या आणाव्या लागत नाहीत. १६३१ मध्ये मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात इथेच वारली. तापीपलीकडच्या आहूखान्यात तिला सुमारे सहा महिने पुरलं होतं, मग देह आग्र्याला नेला. शाही किल्ल्याच्या पडक्या भिंती नदीवरून पाहिल्या की ते दुःख अजून तिथे रेंगाळत असावं असं वाटतं. उत्तरेला असीरगडावर, लोक सांगतात, अश्वत्थामा पहाटेपूर्वी येऊन महादेवाला फूल वाहतो. झोपलेल्या मुलांना मारणारा, कपाळावर न भरणारी जखम घेऊन फिरणारा, ज्याला मरणही मिळत नाही असा माणूस. भूतकाळातलं पाप वर्तमानात चालत येतं, हेच गॉथिक कथेचं बीज, आणि ते आपल्या गावगोष्टींत कधीपासून आहे. भरताच्या नाट्यशास्त्राने 'भयानक' आणि 'अद्भुत' हे दोन रस नावानिशी सांगितले, तेव्हा वॉल्पोलच्या पणजोबांचाही जन्म व्हायचा होता.

अक्षर, चित्र, पोशाख

उरलेले अर्थ याच वाटेने आले. मध्ययुगीन हस्तलिखितांतली दाट, कोनदार अक्षरं प्रबोधनकाळातल्या इटालियनांना आवडत नसत, म्हणून तीही 'गॉथिक' ठरली. गुटेनबर्गचं १४५५ च्या सुमाराचं बायबल याच वळणात छापलेलं आहे. 'न्यूयॉर्क टाइम्स'चं शीर्षक आजही तसंच असतं. उलट अमेरिकेत आणि जपानमध्ये छपाईतलं 'गॉथिक' म्हणजे टोकांना शेपट्या नसलेलं, साधं, सरळ अक्षर. एकाच धंद्यात एकच शब्द दोन विरुद्ध टोकांना वापरला जातो.

१९३० मधलं ग्रँट वूडचं 'अमेरिकन गॉथिक' हे चित्र शेतकरी आणि त्याच्याजवळच्या स्त्रीसाठी प्रसिद्ध आहे, पण नावातलं गॉथिक त्यांच्यामागच्या लाकडी घराच्या टोकदार खिडकीत आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये उदास, गडद संगीत करणाऱ्या बँडना 'गॉथ' म्हणू लागले, कारण त्यांचा बाज भयकथांशी जुळत होता. काळे कपडे आणि काजळलेले डोळे त्यांच्यामागोमाग आले. ज्या तरुणांना समाजाने विचित्र म्हटलं, त्यांनी ते नाव अभिमानाने मिरवलं. वासारीच्या शिवीचं इंग्लंडमध्ये जे झालं होतं, तेच पुन्हा झालं.

भिंतीवरचं नाव

इतके अर्थ पाहिल्यावर माझ्या मनात राहते ती एक गोष्ट. यातल्या बहुतेक ठिकाणी नाव ठेवणारा कुणी वेगळाच होता. सुजेरला आपण गॉथिक बांधतोय हे ठाऊक नव्हतं. रोमचा अभिमान होता म्हणून गॉथांना दोष मिळाला, आणि गॉथांच्या बाजूने बोलायला तेव्हा कुणी उरलं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या भाषेतलं जे टिकलं, ते मुख्यतः उप्सालातल्या जांभळ्या पानांत आणि बुसबेकच्या मूठभर शब्दांत.

म्हणून बऱ्हाणपूरला जाल तेव्हा जामा मशिदीच्या कमानी पाहून लगेच परतू नका. आत जा. तिथल्या दगडी भिंतीवर अरबी लेख आहे, आणि त्याच्या जोडीला संस्कृत लेखही आहे. त्यात परमेश्वराला वंदन आहे, फारुकी घराण्याची वंशावळ आहे, मशीद बांधवणाऱ्या राजाचं नाव आहे आणि हिजरी, विक्रम, शक अशा तिन्ही कालगणनांत तारीख आहे. शक १५११. येणारा कोणत्याही परंपरेतला असो, त्याला हे वाचता यावं, अशी काळजी त्या राजाने घेतली. आपण कोण, कुणाचे, कधी बांधलं, हे त्याने स्वतःच दोन भाषांत सांगून ठेवलं.

आज ते संस्कृत फार थोड्यांना वाचता येतं आणि ते अरबीही फार थोड्यांना. पण त्या अक्षरांवरून हलकेच बोट फिरवलं, तरी ४०० वर्षांहून जुना माणूस आपलं नाव स्वतः सांगताना ऐकू येतो. मग चौकात परत या आणि कमानींकडे पुन्हा एकदा बघा.